चाराचे सहा

काकाजींच्या डाव्या मनगटावर दोन घड्याळं असायची आणि ती एकमेकांशी कधी जुळायची नाहीत. पंज्याजवळचं बरोबर चालायचं. कोपराकडचं मात्र रोज सकाळी किल्ली देताना ते मुद्दाम दहा मिनिटं मागे करायचे. मी त्यांच्या घरी भाड्यानं राहायला गेले त्या पहिल्याच दिवशी हे माझ्या नजरेला पडलं आणि मनात म्हटलं, बाई, खोली एवढी स्वस्त का मिळाली ते आता कळलं.

दोन दिवसांनी धीर करून विचारलं. तर म्हणाले, "हे मानसाचं अना हे पान्याचं."

मग समजावून सांगितलं. तलावाचं दार उघडलं की पाणी निघतं, पण शेवटच्या शेतापर्यंत पोचायला त्याला वाट चालावी लागते. ज्याची पाळी सहा वाजता लागते, त्याचे सहा पाणी त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आल्यावरच वाजायला हवेत. नाहीतर शेवटच्या माणसाचं रोज नुकसान. "पानी चालत येते वो पोरी. त्याच्या पायात घडी बांधता येत नाई, म्हून माह्या हातात बांधली." मी वर्ध्याची, शिकलेली, कॉम्प्युटरची डिप्लोमावाली. पण इतका सरळ विचार मला आयुष्यात सुचला नव्हता.

गोष्ट दोन हजार पाच-सहाची. अर्जुनी मोरगावात एका कॉम्प्युटर क्लासवर मला शिकवायची नोकरी लागली होती. काकाजींचं गाव तिथून सायकलनं वीस मिनिटांवर. गावाला मोठा तलाव, काकाजींच्याच पूर्वजांनी बांधलेला. मालकी केव्हाच गेली होती, पण एक काम घराण्यात उरलं होतं. तलावाचं दार, ज्याला तिकडे तुडुम म्हणतात, ते उघडायचं आणि कोणाच्या बांधीला किती तास पाणी मिळणार ते सांगायचं. बांधी म्हणजे धानाचं शेत, चारी बाजूंनी धुरे घातलेलं. अशा दोनशेच्या वर बांध्या आणि प्रत्येकीचे तास काकाजींच्या डोक्यात. कागद नाही, वही नाही. लोक विचारायचे, ते सांगायचे, आणि लोक मानायचे.

बांध्यांना नावं होती. बोरीखालची, म्हातारीची, हेल्याची, खैरी, वाकडी. एकीचं नाव तर भांडणाची होतं, आणि तिच्यावरून कधी भांडण झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. काकाजींना विचारलं तर म्हणाले, "नाव ठेवलं म्हून झालं नाई."

संध्याकाळी मी क्लासवरून परतले की घरापुढच्या छपरीत बसलेले काकाजी एकच प्रश्न विचारायचे. कशी आहेस, जेवलीस का, हे नाही. "आज काय भुललीस?" सुरुवातीला मी म्हणायची, काही नाही. त्यावर ते मान हलवायचे. "काई नाई म्हन्ते तो सप्पा भुलला राह्यते. काय भुललो ते ज्याले याद आहे, त्याचं काई गेलं नाई." सप्पा म्हणजे सगळं. मग मी रोज शोधून काहीतरी सांगायला लागले. छत्री विसरले, आईला फोन करायचा विसरले, एका विद्यार्थिनीचं नाव विसरले. खरं सांगते, त्या सवयीनं माझं विसरणं निम्म्यावर आलं. वर्गातही मी हा प्रश्न विचारू लागले, आणि मुलं मला वेडी मॅडम म्हणू लागली. वेड संसर्गजन्य असतं म्हणतात, ते खोटं नाही.

काकूंचा गुडघा दुखायचा. दोघं बाजाराला निघाली की काकाजी नेहमी त्यांच्या मागे चालायचे, पुढे कधी नाही. गावात बायका मागे आणि पुरुष पुढे अशी रीत, त्यामुळे लोक हसायचे. काकाजींना त्याचं काही नसायचं. "धिम्याच्या मागं चालाचं. म्होरं गेलो तं ते सुटून जाते, अना सुटलं हे आपल्याले दिसत बी नाई."

त्यांच्या घरात कॉम्प्युटर आला तो मुलाकडून. मुलगा रायपूरला नोकरीला, त्यानं नवा घेतला आणि जुना वडिलांकडे पाठवून दिला. त्याला वाटलं असेल, म्हातारा पत्ते खेळेल. पण गावातल्या चार लोकांनी बरेच दिवस काकाजींच्या मागे टुमणं लावलं होतं की पाळीची यादी कुठंतरी लिहून ठेवा, तुमच्यामागं आम्ही कोणाला विचारायचं? काकाजींनी ते मनावर घेतलं. वहीत लिहिलं तर वाळवी खाते, म्हणून यादी कॉम्प्युटरमध्ये जाणार असं ठरलं. साठीच्या पुढचा माणूस एका बोटानं मराठी टाइप करायला शिकला. कॉम्प्युटर सुरू होत असताना ते समोर उभे राहायचे, पूर्ण सुरू झाल्यावरच बसायचे. मध्येच अडकला तर हळूच विचारायचे, "काऊन थांबला गा?"

रॅम आणि हार्ड डिस्क यांतला फरक मी दोन वर्षं शिकवत होते आणि दोन वर्षं मुलांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. काकाजींनी तो एका संध्याकाळी मलाच समजावला. हार्ड डिस्क म्हणजे तलाव. तिथं पाणी वर्षभर राहतं. रॅम म्हणजे बोडी, शेताजवळची लहान तळी, जिच्यातून आजच्या कामापुरतं पाणी घ्यायचं. वीज गेली की बोडी फुटली. सेव्ह केलं म्हणजे बोडीतलं पाणी तलावात सोडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हेच सांगितलं आणि सगळ्या वर्गाला समजलं. श्रेय मात्र मी घेतलं.

तर त्या कॉम्प्युटरची बोडी फारच लहान होती. एकशे अठ्ठावीस एमबीची एक रॅमची पट्टी. काकाजी सगळ्या याद्या एकदम उघडून ठेवायचे, आणि मग एक आकडा दाबला की तो पडद्यावर उमटेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं मी स्वतःला बरेच दिवस असं सांगत राहिले की मी ते त्यांच्यासाठी केलं. ते नेहमी म्हणायचे, "धिमा आहे, पन चालून राह्यला ना." घाई मला होती. संध्याकाळी तासभर मी त्यांना टाइप करू लागायची, आणि त्या कॉम्प्युटरपुढं बसून माझा जीव जायचा.

आमच्या क्लासमध्ये एक मशीन भंगारात निघालं होतं. त्यातली एक पट्टी मालकाला विचारून मी घेतली. दुसऱ्या कंपनीची, मोठी, आणि वेगही वेगळा. जुन्या पट्टीशी तिचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं. गोंदियाला गेले होते तेव्हा एका दुकानदाराला विचारलं. तो डोकं वर न काढता म्हणाला, "लगा दो मॅडम, चलेगा. नहीं चला तो निकाल देना." 'चलेगा' हा शब्द आमच्या भागात फार चालतो.

रविवारी सकाळी मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. काकाजी शेजारी पाटावर बसले. नवी पट्टी बसवून बटण दाबलं तर तीनदा शिटी वाजली आणि पडदा काळाच. मी पट्टी काढली, खोडरबरनं तिचे सोनेरी दात घासले, परत बसवली. काकाजी बघत होते. मग म्हणाले, "ह्या दोघी एका घरच्या नाई दिसत."

"नाहीत काकाजी. एक हळू आहे, एक जलद."

"मंग दोघी एकत्र कशा चालतीन?"

मी सांगितलं की अशा दोन पट्ट्या एकत्र लावल्या की मशीन आपणच जलदला आवरतं आणि दोघींना हळूच्या चालीनं चालवतं. काकाजींना हे इतकं पटलं की त्यांनी आतून काकूंना हाक मारून सांगितलं. "आयकलं का वो, ह्या डब्यात बी धिम्याच्या मागंच चालतेत." काकू म्हणाल्या, "तुमाले तं कोनी बी तुमच्यासारखंच दिसते."

कॉम्प्युटर सुरू झाला. पण आधीपेक्षा थोडासाच बरा. मला ते पुरेसं वाटेना. एवढा खटाटोप करून हळूच चालायचं असेल तर काय उपयोग? काकाजी उठून तुडुमाकडे गेले, तेव्हा मी मशीनच्या सेटिंगमध्ये शिरले आणि वेग हातानं वर चढवला. दोघींनाही जलदच्या चालीनं पळायला लावलं. तसं करू नये हे मला माहीत होतं, मी तेच शिकवत होते. पण कॉम्प्युटर असा भन्नाट पळायला लागला की मी स्वतःवरच खूश झाले. काकाजींना मी वेग वाढवल्याचं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

दीड-दोन महिन्यांत यादी पुरी झाली. मधेच एकदा काकाजींनी मला बोलावून एक जागा दाखवली. आठाच्या ठिकाणी दोन टिंबं होती, एकावर एक. "हे मी नाई टाकलं." मी म्हटलं, बोट घसरलं असेल. त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं आणि टिंबं पुसून परत आठ टाकला. आणखी एकदा असंच काहीतरी झालं आणि मी असंच काहीतरी उत्तर दिलं. माझा क्लास संध्याकाळी सातपर्यंत चालायचा, मला भूक लागलेली असायची.

आता मितानांबद्दल सांगितलं पाहिजे.

काकाजींना दोस्त एकच. लहानपणी दोघांनी देवापुढं नारळ बदलून मितान केलं होतं. ही रीत छत्तीसगडकडची, पण आमच्या पट्ट्यातही जुन्या लोकांत होती. एकदा मितान झालं की मग एकमेकांचं नाव तोंडातून काढायचं नाही, अरे-तुरे करायचं नाही. सख्ख्या भावाशी भांडता येतं, मितानाशी नाही. त्यामुळे दोन वर्षं त्या घरात राहूनही मला त्यांच्या दोस्ताचं नाव माहीत नव्हतं. ते आले की काकू आतून म्हणायच्या, मितान आले, आणि चहाचं आधण चढायचं. दोघं छपरीत बसायचे. बोलायचे फार कमी. काकाजींचे वडील पाणी सोडायचे तेव्हा ही दोन पोरं त्यांच्यामागं पाटापाटानं फिरायची, त्यामुळे पाळीची सगळी यादी काकाजींशिवाय पाठ असलेला गावात दुसरा माणूस म्हणजे मितान. पण त्यांना कोणी कधी विचारलं नाही, कारण त्यांची स्वतःची बांधी पाळीतच होती. वाकडी. अगदी शेवटची.

त्या वर्षी धान निसवायच्या वेळेला पावसानं दडी मारली. त्या दिवसांत पाण्याचा ताण पडला की दाणा भरत नाही. पाणी सोडायचं ठरलं आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चिंचेखाली लोक जमले. काकाजी पहिल्यांदाच कागद घेऊन गेले. क्लासवर छापून मीच तो आणून दिला होता, तेव्हा मीही मोठ्या तोऱ्यात त्यांच्याबरोबर गेले. काकाजी चष्मा लावून वाचू लागले. म्हातारीची, तीन तास. हेल्याची, दोन तास. वाचता वाचता खैरीशी आले आणि थांबले. कागदावर खैरीला सहा तास होते.

"चार," काकाजी म्हणाले.

खैरीवाला शेजारीच बसला होता. त्यानं मान वाकडी करून कागदात बघितलं. "काकाजी, तुमच्याच कागदावर सहा आहे."

त्या पाटावर खैरीच्या मागून फक्त वाकडीची पाळी होती. तुडुम दिवस बुडाला की बंद. खैरीला दोन तास जास्त गेले की ते वाकडीतून कमी होणार, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. मितान बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले, "मितान, खैरीले चारच आहेत. तुमीच आजवर चार सांगितले."

काकाजींनी कागद खाली केला. मग बाजूला येऊन मला विचारलं, हळू आवाजात, "पोरी, कागद खरा का मी खरा?"

मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "काकाजी, कॉम्प्युटर आपल्या मनानं आकडा बदलत नाही. माणूस विसरतो."

"नाई बदलत?"

"नाही."

कागदाच्या बाजूनं बोलायला त्यांना कोणी भाग पाडलं नव्हतं. त्यांनी चार म्हटलं असतं तर खैरीवाल्यानं कुरकुर केली असती आणि गप्प बसला असता. पण काकाजींना खोटं बोलण्याची सवय नव्हती, आणि आपलं तोंड खोटं आहे असं मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं. ते परत गेले आणि म्हणाले, "मीच भुललो. खैरीले सहा."

मितान उठले, धोतराची धूळ झटकली आणि निघून गेले. त्या हंगामात वाकडीतलं निम्मं धान पोचट निघालं. मितानांनी तक्रार केली नाही, पंचायतीत गेले नाहीत. एक दिवस रस्त्यात समोरासमोर आले तेव्हा त्यांनी काकाजींना नावानं हाक मारली. नाव, आणि पुढं 'जी'. काही वावगं बोलले नाहीत, पाण्यापावसाचं विचारलं. काकाजी घरी आले आणि छपरीत न बसता सरळ आत जाऊन पडून राहिले. काकूंनी मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "मितानानं नाव घेतलं वो त्याहिचं." आधी मला कळेचना की यात एवढं काय आहे. नावानं तर मलाही लोक बोलावतात.

चार-आठ दिवसांनी मी सकाळी क्लासला निघाले होते, तर काकाजी सायकलजवळ येऊन उभे राहिले. हातात दोन कागद. एक पहिल्यांदा छापलेला अर्धवट, एक नंतरचा. त्यांनी ओळीओळीनं ताडून पाहिलं होतं. "तीन ठिकानी फरक आहे. पाह्य. एकाचे तीन. पाचाचे सात. चाराचे सहा. सप्पा दोनानंच वाहाडले. मी भुललो असतो तं एखांद्या टायमाले कमी बी झालं असतं ना? मानूस असा मोजून दोनानंच काऊन भुलन?"

त्या क्षणी ती पट्टी माझ्या डोळ्यांपुढं आली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला उमगलं होतं असं म्हणणार नाही, पण शंका आली होती, चांगली लख्ख आली होती. आणि तिच्यामागोमाग दुसरा विचार आला की हे खरं निघालं तर चिंचेखाली सगळ्यांसमोर मी जे बोलले त्याचं काय? शंभर लोकांनी ऐकलं होतं. मी मॅडम होते.

"योगायोग असेल काकाजी," मी म्हटलं आणि सायकलवर बसले.

"असन," ते म्हणाले. "तुले जास्त समजते."

त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटर लावला नाही. पुढच्या हंगामात तुडुमाची जबाबदारी पंचायतीच्या माणसाकडे दिली. पाण्याचं घड्याळ मनगटावरून गेलं, तिथली कातडी बरेच दिवस पांढरी दिसायची. लोक म्हणू लागले, काकाजी आता भुलतात. पण मी त्याच घरात राहत होते आणि मी पाहत होते. ते काही विसरत नव्हते. त्यांना सगळं आठवायचं, फक्त त्यावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. दाराला कडी घातली का, हे तीनदा उठून बघायचे. जेवून उठल्यावर काकूंना विचारायचे, "जेवलो ना मी?" काकू आधी हसायच्या, मग चिडायच्या, मग नुसतं 'हो' म्हणायच्या. संध्याकाळी मी आले की ते माझ्याकडे बघून मान हलवायचे. काय भुललीस, हे विचारणं बंद झालं होतं. विसरलेलं सांगायला माझ्याकडे रोज एक मोठी गोष्ट होती, आणि मी सुटले म्हणून मला बरं वाटायचं. लाज वाटते, पण बरं वाटायचं.

वर्षभरानं मला गोंदियाला चांगली नोकरी मिळाली. निघताना काकाजींनी ती पट्टी कॉम्प्युटरमधून काढायला लावली. "तुझी वस्तू तू घेऊन जाजो. आमाले आता काय कामाची?" मी ती पिशवीत टाकली. गोंदियातल्या खोलीवर माझा स्वतःचा जुना कॉम्प्युटर होता, त्यात बसवली, आणि सवयीप्रमाणे वेग हातानं वर चढवला.

तीन महिन्यांनी एका मैत्रिणीला फोन लावला तर भलत्याच माणसानं उचलला. फोन नंबरांची यादी माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती. ताडून पाहिली तर चाराचे सहा झाले होते. खाली आणखी एका नंबरात आठाच्या जागी दोन टिंबं होती, एकावर एक. माझं बोट घसरलेलं नव्हतं.

मग मी मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला. पडदाभर लाल ओळी आल्या. त्या पट्टीत एक जागा अशी होती की वेग वाढवला की तिथून जाणारा आकडा दोनानं वाढून निघे. कधी एखादा, कधी महिनाभर एकही नाही. कॉम्प्युटरच्या अक्षरमालेत आठानंतर नऊ आणि नऊनंतर ती दोन टिंबं येतात, म्हणजे तीही दोनाचीच वाढ. काकाजींना हे फक्त दोन कागदांवरून कळलं होतं, आणि त्यांनी मला सायकलजवळ उभं राहून ते बरोबर समजावून सांगितलं होतं.

गोंदियाहून अर्जुनी दोन-अडीच तासांची वाट आहे. गाडी सकाळी सुटते. मी गेले नाही. आधी नवी नोकरी होती, मग लग्न, मग मुलगी झाली. ही कारणं सगळी खरी आहेत आणि यांतलं एकही कारण नाही. मला भीती काकाजींच्या रागाची नव्हती. ते रागावणार नाहीत याची होती. असं करत तीन वर्षं गेली.

शेवटी गेले ते संक्रांतीनंतर. पट्टी रुमालात गुंडाळून घेतली होती. काकूंनी दार उघडलं आणि ओळखून पोटाशी धरलं. काकाजी छपरीत होते. वाळले होते, पण नजर तीच. मी बसले आणि पाणीसुद्धा न घेता सगळं सांगितलं. वेग कसा वाढवला, त्यांना कसं सांगितलं नाही, दोनाची शंका मला तेव्हाच कशी आली होती. त्यांनी रुमालातली पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

"मंग खैरीले चारच होते."

"चारच होते काकाजी."

"म्हंजे मितान खरे बोलले."

"हो. आणि तुम्हीपण."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. काकाजींनी पट्टी माझ्या हातात परत दिली. "मितान गेले वो. गेल्या पोस महिन्यात," ते म्हणाले. "बिमार होते तवा पाहाले गेलो होतो. माहं नाव घेतलं अना बसा म्हनले."

माफी मागितली, ती त्यांनी हातानंच बाजूला केली. म्हणाले, तू पोर होती. म्हणाले, आता तसंही सगळ्यांच्या बोअर झाल्या, तलावाच्या पाण्यासाठी कोणी थांबत नाही. मला ते सहन होईना. मी पिशवीतून वही काढली आणि म्हटलं, "काकाजी, यादी सांगा. मी हातानं लिहून घेते. शाईनं."

"कोनाले पाहिजे आता?"

"मला पाहिजे."

त्यांनी वहीकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि सुरू केलं. म्हातारीची, तीन तास. मी लिहिलं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे ना?"

मी काकूंकडे पाहिलं. काकू खाली बघत होत्या. बांध्यांचे तास त्यांना कधीच माहीत नव्हते. काकाजींशिवाय ज्याला माहीत होते असा एकच माणूस होता, आणि तो आता नव्हता.

"बरोबर आहे काकाजी."

"हेल्याची, दोन. बरोबर?"

"बरोबर."

दुपार टळेपर्यंत ते सांगत होते. न अडखळता, नावापाठोपाठ नाव, आणि दर नावानंतर माझ्या तोंडाकडे बघून विचारत होते. त्यांतली एकही बांधी मी धड पाहिलेली नव्हती. खैरी कुठं सुरू होते आणि वाकडी कुठं संपते, हे मला आजही सांगता येणार नाही. मी दरवेळी 'बरोबर' म्हणत होते आणि लिहून घेत होते.